'सुव्यवस्था आणि न्याय' या निबंधावर सरांनी विचारलेला एक प्रश्न

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विधिशास्त्राच्या पेपरासाठी 'सुव्यवस्था आणि न्याय' हा निबंध लिहून सबमिट केला, आता त्यावर व्हायवा आहे. सरांनी निबंधाच्या समासात एकच प्रश्न लिहिलाय आणि तोच ते व्हायवाला विचारणार आहेत. माझ्याकडे त्याचं अर्धंच उत्तर आहे. प्रश्न खाली लिहिते, पण आधी मी काय मांडलं ते सांगते, नाहीतर प्रश्नाला संदर्भ लागणार नाही.

वर्गात बहुतेकांनी ऑस्टिन, हार्ट, रॉल्स या पाश्चात्त्य विचारवंतांच्या क्रमाने लिहिलं. त्यात चूक काही नाही. पण आमचं घर ऊसकरी. जमावबंदी, कायदा-सुव्यवस्था हे शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी गळीत हंगामाच्या तोंडावर गावात ऐकले. दर ठरल्याशिवाय कोयता लावू देणार नाही म्हणून आंदोलन सुरू होतं, वाहतूक अडवली जाते, आणि लगोलग महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७ खाली जमावबंदीचा आदेश निघतो. कार्यकर्त्यांच्या घरी पोलीस नोटीस देऊन जातात. ही नोटीस जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तिचं कलम १६८ झालं, पण गावात अजून सगळे १४९ चीच नोटीस म्हणतात.

आता दुसरा आदेश. ऊस नियंत्रण आदेश, १९६६. खंड ३ (३) म्हणतो, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. ३ (३अ) म्हणतो, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. पैसे थकले तर साखर आयुक्त जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायला लावू शकतात, ज्याला आपल्याकडे आरआरसी म्हणतात.

माझ्या वडिलांची एक वही आहे. गाडी कधी भरली, काट्यावर वजन किती आलं, बिल कधी जमा झालं, सोसायटीने कर्जापोटी किती कापून घेतले, सगळं त्यात असतं. त्यांना विचारून, कारखान्याचं नाव झाकून, मी त्यातलं एक पान निबंधाला जोडलं. ऊस गेल्याची तारीख आणि बिलाची तारीख शेजारी शेजारी आहेत. दोन्हींमध्ये महिने गेलेत. त्या वहीत व्याजाचा रकानाच नाही. वडिलांनी तो कधी आखला नाही, कारण त्यात काही लिहायची वेळच आली नाही. सोसायटीचं व्याज मात्र चालू राहतं, कारण मुदतीत फेड केली तरच सवलत मिळते.

यावरून मी निबंधात असं मांडलं: आधी सुव्यवस्था की आधी न्याय, हा वाद घालण्यापूर्वी बघायला हवं की कोणता आदेश मोडला की सरकारी गाडी त्याच रात्री दारात येते आणि कोणता मोडला की पत्रव्यवहार सुरू होतो. दोन्ही कायदेच आहेत. १४ दिवसांचा नियम मोडणं हीसुद्धा सुव्यवस्थेचीच मोडतोड आहे. फक्त ती शांतपणे होते, म्हणून तिला कुणी बंदोबस्त लावत नाही.

सरांनी समासात लिहिलं: "मान्य. पण ज्या रात्री रस्त्यावर दगड पडतायत त्या रात्री ठाणे अंमलदाराने काय करायचं? आधी थकबाकीचा हिशोब मांडायचा का?"

मला हा प्रश्न टाळायचा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेब संविधान सभेत म्हणाले होते की आता घटनात्मक मार्ग खुले आहेत, तेव्हा सत्याग्रह, कायदेभंग हे मार्ग सोडायला हवेत. १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करणारा माणूस हे बोलतो तेव्हा ते बाजूला सारता येत नाही. पण आमच्या गावातला शेतकरी विचारतो की खुला मार्ग म्हणजे पुण्याला आयुक्तांकडे आणि तिथून कोर्टात, तोवर पुढचा हंगाम येतो, मग काय? मला दोन्ही खरं वाटतं. तुम्ही काय उत्तर द्याल?

निवृत्त_हवालदार

पोरी, तुझ्या सरांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. माझी निम्मी नोकरी बंदोबस्तात गेली. उसाच्या आंदोलनाला उभा राहिलोय, टोलच्या वेळी उभा राहिलोय. उसाच्या बंदोबस्ताला समोरच्या गर्दीत माझा सख्खा चुलतभाऊ असायचा. त्याचं बिल थकलेलं मला म्हाईत असायचं. तरी ट्रॅक्टरच्या केबिनमधी बसलेला डायव्हर बीडकडचा कुणी गरीब पोरगा असतोय. काचंवर दगड आला तर डोळा त्याचा जातोय, कारखान्याच्या चेअरमनचा न्हाई.

रात्री ठाण्यात फोन आला की बरोबर कोण, चूक कोण हे बघत बसायला येळ नसतो. तवा एकटं कोण सापडलंय ते बघायचं आणि त्येला आधी बाहेर काढायचं. जून २०२३ ला शहरात तणाव झाला, नेट बंद पडलं, तवा मी नोकरीत नव्हतो, पण बिंदू चौक, शिवाजी चौकाकडचं चित्र टीव्हीवर बघून पोटात गोळा आला. अशा वेळी ज्याचं दुकान फुटतंय तो कुठल्या वादात नसतोय.

म्हणून अंमलदारानं त्या रात्री दगड थांबवायचा. हे उत्तर ठामपणे दे. फक्त एक गोष्ट त्यात घाल. पोलिसाला रात्री फोन करणारे शंभर जण असतात. तुझ्या त्या चौदा दिवसांच्या आदेशासाठी ठाण्यात कोण फोन करतंय? आणि केला तर आम्ही काय म्हणायचो? "हे दिवाणी हाय, साखर आयुक्ताकडं जावा." मीच कितीतरी जणांना तसं सांगितलंय, कारण आम्हाला तसंच शिकवलेलं.

भाऊसिंगजी_रोड_वकील

वरच्या काकांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. ऊस नियंत्रण आदेश अत्यावश्यक वस्तू अधिनियम १९५५ खाली निघालेला आहे. त्या अधिनियमाच्या कलम ७ मध्ये आदेशाचा भंग केल्यास तुरुंगवासाची शिक्षा आहे आणि कलम १०अ म्हणतं की असा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे "दिवाणी आहे" हे उत्तर कायद्यातून आलेलं नाही, सवयीतून आलेलं आहे. ताई, तुमच्या निबंधात हे कलम नसेल तर व्हायवाला ते तोंडपाठ घेऊन जा. दोन्ही आदेशांच्या मागे फौजदारी बळ आहे. एकामागचं वापरलं जातं, दुसऱ्यामागचं कपाटात राहतं. तुमचं म्हणणं यामुळे भावनेवर न राहता कलमांवर उभं राहील.

आता सरांचा प्रश्न. तुम्ही राम मनोहर लोहिया विरुद्ध बिहार राज्य वाचलंत का? १९६६ च्या रिपोर्टमध्ये आहे. भारत संरक्षण नियमांखाली त्यांना स्थानबद्ध केलं. नियमात शब्द होते सार्वजनिक सुव्यवस्था, जिल्हादंडाधिकाऱ्यांनी आदेशात लिहिलं कायदा आणि सुव्यवस्था. सर्वोच्च न्यायालयाने लोहियांना सोडलं. न्या. हिदायतुल्लांनी तिथे तीन वर्तुळं मांडली: सगळ्यात मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, त्याच्याही आत राज्याच्या सुरक्षेचं. प्रत्येक भांडण आतल्या वर्तुळापर्यंत पोचत नाही. पुढे १९७० च्या अरुण घोष प्रकरणात त्यांनीच सांगितलं की कृत्य तेच असलं तरी समाजाच्या रोजच्या जगण्यावर त्याचा परिणाम किती, यावर फरक ठरतो.

गगनबावडा रस्त्यावर एका ट्रॅक्टरची हवा सोडली, तर ते कुठल्या वर्तुळात बसतं? अख्ख्या जिल्ह्यात पाच माणसांनी एकत्र यायचं नाही, असा आदेश त्यावरून काढता येतो का? सरांना हे विचारा. सरांचा प्रश्न "त्या रात्री" बद्दल आहे. कलम ३७ चा आदेश बहुतेक वेळा त्या रात्रीच्या आधीच, जिल्हाभर निघालेला असतो. रात्रीचं कारण सांगून दिवसाचे अधिकार घेता येत नाहीत.

म्हणूनच कायद्याने त्याला मर्यादा घातल्या. कलम ३७ (३) खालची जमावबंदी राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे जात नाही. बीडच्या अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा असाच आदेश औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये रद्द केला. माजलगावात लोकांना शांततेत धरणं धरायचं होतं. न्यायालयाने म्हटलं, आदेश वरकरणी सगळ्यांसाठी असला तरी प्रत्यक्षात तो आंदोलकांना गप्प करण्यासाठी होता. तडीपारीचंही तेच. दीपक डोंगरे प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, तो क्वचितच वापरावा, आणि पूर्ण दोन वर्षांसाठी काढायचा तर तशी गरज का वाटली हे आदेशावरून दिसायला हवं.

माझ्या मते उत्तर असं: अंमलदाराने रात्री गरजेपुरतं बळ वापरावं आणि सकाळी त्याचा हिशोब लेखी द्यावा. कारण, मुदत, प्रसिद्धी, अपील या चार ठिकाणी न्याय सुव्यवस्थेच्या आत शिरतो. त्याला रांगेत मागे उभं करायची गरज नाही.

कपिलतीर्थ_दुकानदार

ताई, मी वकील नाही. मार्केटजवळ दुकान आहे. आमच्यासारख्याला सुव्यवस्था पाहिजेच, त्याशिवाय शटर उघडत नाही. पण काय बंद, कुठवर बंद, कधी उघडायचं हे नीट सांगा एवढंच म्हणणं असतं. नेट बंद झालं तेव्हा स्कॅनरवर पैसे येईनात, गिऱ्हाईक परत गेलं, दूध-दही ओतून द्यावं लागलं. शेजारच्या गाडीवाल्याकडे तर सुट्टे पण नव्हते. आदेश व्हॉट्सॲपवर फिरणार म्हणे, आणि नेट बंद. मग वाचणार कुठे? हे तुमच्या निबंधात घाला. दगड मारणाऱ्याचं आणि पोलिसाचं सगळे लिहितात, मधल्याचं कुणी लिहीत नाही.

भाऊसिंगजी_रोड_वकील

@कपिलतीर्थ_दुकानदार, तुमचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात मान्य केलेलं आहे. इंटरनेट बंदीचे आणि जमावबंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे ज्याचं नुकसान होतं त्याला आव्हान देता येईल. बेमुदत इंटरनेट बंदी चालणार नाही, हेही त्यात आहे.

कागलचे_मास्तर

बाळ, तू विषय चांगला धरलास. मला एकच भर घालायची आहे, पण ती जरा लांबेल.

हवालदारसाहेब म्हणतात ते त्या एका रात्रीपुरतं खरं आहे. पण "त्या रात्री काय करायचं" या प्रश्नाच्या आधारावर पूर्वी काय काय उभं केलं गेलं, तेही निबंधात यायला हवं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. आपल्या भागात हजेरीची पद्धत होती. ठरावीक जातींच्या माणसांनी रोज हजेरी द्यायची, चोरी केली असो वा नसो. कुणाच्या घरी आजारपण असो, बाळंतपण असो, सुगीची कामं असोत, हजेरी चुकायची नाही. त्या काळच्या पाटलाला विचारलं असतं, तर त्याने मनापासून सांगितलं असतं की यामुळेच गावात रात्री शांत झोप लागते. त्याच्या दृष्टीने ती उत्तम सुव्यवस्था होती. झोप कुणाची आणि जागरण कुणाचं, हे त्याला कुणी विचारत नव्हतं.

शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची ही हजेरी बंद केली. महाराज व्यवहार जाणणारे राजे होते. हजेरी काढून ते थांबले नाहीत. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीला आपल्याजवळ कामावर ठेवलं. वेठबिगार बंद केली. ज्यांच्यापासून भीती आहे असं सगळे सांगत होते, त्यांना विश्वासाचं काम दिलं. देशभरातून तो कायदा जायला १९५२ उजाडलं. म्हणजे स्वातंत्र्य आलं, संविधान आलं, तरी काही वर्षं काही लोक जन्मानेच संशयित होते.

तेव्हा सरांना म्हण, तुमच्या प्रश्नातली रात्र मला मान्य आहे. पण त्या रात्रीच्या भीतीतून जो कायमचा नियम जन्माला येतो, त्याची तपासणी दिवसाउजेडी झाली पाहिजे. आणि शाहूंचं नाव फक्त अभिमानापोटी घेऊ नकोस. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागांचा जाहीरनामा सगळे लिहितात. या निबंधाला हजेरीचा हुकूम जास्त जवळचा आहे.

दूधगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री उशिरापर्यंत हे वाचत बसले होते, आज सकाळी वडिलांनाही वाचून दाखवलं.

काका, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरचं तुम्ही लिहिलंत ते माझ्या निबंधात खरंच नव्हतं, ते मी आता व्हायवात पहिलं सांगणार आहे. अंमलदाराने दगड थांबवायचा, एकट्या सापडलेल्याला वाचवायचं, आणि ते करताना तो कुणाच्या बाजूचा आहे हे बघायचं नाही. इथे मी सरांशी पूर्ण सहमत आहे.

पण त्यापुढे मी सरांना दुसरी तारीख देणार आहे. ऊस गेला, चौदा दिवस संपले, पैसे आले नाहीत. त्या पंधराव्या दिवशी सरकारातल्या कोणत्या माणसाने काय करायचं होतं? सरांच्या प्रश्नात रात्र आहे, माणूस आहे, ठाणं आहे. पंधराव्या दिवसासाठी असं नाव घेण्याजोगं कुणीच नाही. कलम ७ आणि १०अ वाचल्यावर तर मला जास्तच वाटायला लागलं की माणूस नेमता आला असता, नेमला नाही. रात्रीचा अंमलदार बिचारा जिथे उभा असतो, तिथे त्याला पंधराव्या दिवसाच्या रिकाम्या खुर्चीने आणून उभं केलेलं असतं. २०२२ मध्ये तर राज्य सरकारने शासन निर्णय काढून एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती, ती २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे मधल्या हंगामांत केंद्राचा आदेश राज्याने कागदावरच सैल केला होता, आणि त्याच हंगामांत जमावबंदीचे आदेश निघतच होते. हे दोन कागद मी सरांसमोर शेजारी शेजारी ठेवणार आहे.

मास्तर, हजेरीचं वाचून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आपल्या आज्जीच्या तोंडून चावडीवरच्या हजेरीचं ऐकलं होतं, ते काय असतं ते आज कळलं. मी ते नक्की घालणार. एका ठिकाणी मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. महाराज राजे होते, एका हुकुमाने हजेरी गेली. आज असा एक हुकूम नाही आणि नसावाही. आज तो मार्ग कोर्टातून जातो, आणि तो मार्ग किती लांब आहे हाही न्यायाचाच भाग झाला. १७ ऑगस्ट २०२५ ला इथे मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. त्याआधी आपल्या सहा जिल्ह्यांतल्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागत होती, इथला माणूस तर महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्र काढून जायचा. ज्याचं बिल थकलंय त्याला "घटनात्मक मार्ग खुला आहे" असं सांगायचं, तर तो मार्ग त्याला परवडेल इतका जवळ पाहिजे. बाबासाहेबांचं वाक्य मी आता असंच वाचते: मार्ग खुले ठेवायची जबाबदारी आधी, मग रस्ता सोडा असं सांगण्याचा अधिकार.

वकीलसाहेब, एक शंका राहिली. जमावबंदीचा आदेश १५ दिवसांचा. याचिका दाखल करून बोर्डावर येईपर्यंत मुदत संपलेली असते. मग सरकारी वकील म्हणणार, आता आदेशच नाही तर तपासायचं काय? असं असेल तर तुमच्या चार ठिकाणांपैकी अपील हे ठिकाण नावापुरतंच उरतं. सर इथे नक्की पकडणार.

भाऊसिंगजी_रोड_वकील

पकडतीलच, तयारी ठेवा. बंगळुरूचं उदाहरण द्या. १८ डिसेंबर २०१९ ला तिथे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली जमावबंदीचा आदेश निघाला, तीन दिवसांसाठी. मुदत केव्हाच संपलेली होती, तरी कर्नाटक उच्च न्यायालयाने तो तपासला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बेकायदा ठरवला. संपलेला आदेश तपासता येतो, कारण मूलभूत हक्कावर घाला पडलेला असतो आणि तोच आदेश पुन्हा निघू शकतो.

आणि एक काम करा. जिल्हाधिकारी कार्यालयातून गेल्या दोन-तीन हंगामांतल्या कलम ३७ च्या आदेशांच्या प्रती मिळवा, माहिती अधिकारात अर्ज करावा लागला तरी करा. त्यात कारणं कोणती दिलीत, ती दरवर्षी त्याच शब्दांत येतात का, आणि पहिल्या आदेशाची मुदत संपते त्याच दिवशी पुढचा निघालाय का, हे तारखा लावून बघा. वडिलांच्या वहीचं पान आहेच तुमच्याकडे, त्याच पद्धतीने हाही तक्ता आखा. व्हायवाच्या आधी प्रती मिळाल्या तर शनिवारी दुपारनंतर कोर्टाच्या आवारात या, बार रूममध्ये बसून एकत्र वाचू.

निवृत्त_हवालदार

तक्त्यात डायव्हरचा रकाना पण आख पोरी. कुठल्या तारखेला किती गाड्या फुटल्या, ते स्टेशन डायरीत असतंय.